चकतीभोवतीची मोकळी जागा

सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

तलासरीच्या पुढे, धरणाच्या बाजूच्या पाड्यावर आज दुसरी फेरी. आमची जीप वळणावर दिसली तशी पोरं धावत आली, "गूवाली आली, गूवाली आली!" नविनला हसू आवरेना.

"ताई, इतकी वर्षं लॅबमध्ये घालवून शेवटी हे नाव मिळालं तुम्हाला."

"मग तू कोण? गूवालीचा असिस्टंट."

नाव काही खोटं नाही. धडधाकट माणसांची शी गोळा करायची, तिच्यातले जंतू लॅबमध्ये वाढवायचे आणि कोणकोणत्या अँटिबायोटिकला ते दाद देत नाहीत ते पाहायचं, हेच आमचं काम. आजाऱ्यांचं नाही. हे जंतू सगळ्यांच्याच आतड्यात असतात, त्रास देत नाहीत. औषधांना न जुमानणारे झाले तरी तिथे निमूट बसून राहतात, माणसाला पत्ताही लागत नाही. ते लघवीत किंवा रक्तात शिरले की मग पळापळ होते, आणि तेव्हा कुठलं औषध चालायचं नाही हे आधीच कळावं म्हणून ही पाहणी.

शुक्री सगळ्यात आधी डबी घेऊन आली, पळसाच्या पानात नीट गुंडाळून, एखाद्याला प्रसाद द्यावा तशी. पाड्यावर तिचा शब्द चालतो. तिनं डबी दिली की बाकीच्या बायका लाजत नाहीत.

"मागले टायमाचा काय निंगला, ताय? माझा?"

"तसं एकेकाचं सांगत नाही आम्ही, शुक्रीबाय. सगळ्या गावाचं मिळून बघतो."

"गू माझा, न माना नाय सांगायचा?" ती हसली, पण उत्तराची वाट बघत उभी राहिली. मी डब्यांवर झाकणं घट्ट करत बसले.

तिच्या घराच्या कुडात कॅप्सूलची अर्धी पट्टी खोचलेली दिसली. ताप गेला म्हणून उरलेल्या ठेवून दिल्या, परत आला तर लागतील. मी तिला बराच वेळ समजावलं. अर्धवट औषध घेतलं की जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडं नाय ठेवत?"

मी म्हटलं, "आम्हाला कळतं गं, कधी घ्यायचं न कधी नाही."


गुरुवार, २१ नोव्हेंबर

पाड्याच्या प्लेट वाचल्या. फार बरं वाटलं.

हे काम मला अजूनही आवडतं. फिकट पिवळसर जेलीवर जंतू पसरायचे, वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकलीएवढ्या चकत्या ठेवायच्या, आणि रात्रभर उबेत ठेवून द्यायच्या. सकाळी जंतूंची दाट साय धरलेली असते. जिथं औषध चालतं तिथं चकतीभोवती गोल मोकळी जागा राहते. पट्टी लावून ती मोजायची. जागा जितकी मोठी, तितकं ते औषध कामाचं. पाड्याच्या प्लेटवर गोलांना गोल भिडलेले होते. एखादं औषध सोडलं तर सगळी चालताहेत. त्यात शुक्रीची प्लेट कुठली, मला माहीत नाही. नंबर नविन चिकटवतो, मी फक्त वाचते. असंच असायला हवं.

संध्याकाळी घरी आले तर बाबा खिडकीशी बसलेले. "गाडी आउटरला उभी आहे गं," म्हणाले. म्हणजे लघवी अडतेय. वाणगावला स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाल्याला वीस वर्षं होतील, पण शरीराचं सगळं अजून रेल्वेच्या भाषेत. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर दर दोन महिन्यांनी हे होतंच.

कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढला. बाबांनी त्यातल्या प्रत्येक पट्टीला कागद गुंडाळून आपल्या गोल अक्षरात लिहून ठेवलंय. 'ताप'. 'जुलाब'. 'जळजळ'. जळजळीतल्या दिल्या. तीन दिवस पुरतात. चौथ्या दिवशी त्यांचं पोट बिघडतं आणि ते चिडचिड करतात, म्हणून मी थांबवते. त्यांचं शरीर मला पाठ आहे.


सोमवार, २ डिसेंबर

वर्षा मॅडमचा मुंबईहून फोन. त्या प्रकल्पाच्या प्रमुख. म्हणाल्या, पाड्यांचे नमुने छान आलेत, पण तुलनेला डहाणू शहरातली घरं हवीत, नोकरदार, नळाचं पाणी असलेली. आणि तिथंच सगळं अडलंय. शिक्षक, रेल्वेवाले, बँकवाले, डबी पाहिली की सगळे मागे सरतात. एका बाईंनी मला दारातच सांगितलं, "आमच्याकडे असलं काही नसतं हो." म्हणजे काय नसतं, कोण जाणे.

शेवटी ठरलं की स्टाफनं आपापल्या घरच्या डब्या द्यायच्या. नंबर नविन लावणार, कोणाचा कुठला ते त्याच्याच डोक्यात. मी त्याला पुन्हा बजावलं. गेल्या वर्षी त्यानं चिंचणीच्या आपल्या मावशीला तिचा निकाल सांगितला होता. ती बिचारी ठणठणीत असताना घाबरून इंजेक्शनं घेत फिरली. तेव्हा मी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं. आज तेच वाक्य परत म्हटलं, "नंबर म्हणजे नंबर. विचारायचं नाही, सांगायचं नाही. आईचा असला तरी."

"हो ताई," म्हणाला. गुणी मुलगा आहे. एकदा सांगितलं की पुरतं.


शुक्रवार, ६ डिसेंबर

बाबांची डबी हा एक सोहळाच झाला. "आयुष्यभर पार्सलं बुक केली," ते आतून ओरडले, "पण असलं पहिलंच. याला पावती मिळेल का?"

"नाजूक माल लिहू का वर?"

"लिही. आणि लिही, वजन कमी भरल्यास रेल्वे जबाबदार नाही."

दोघांच्या डब्या नविनकडे दिल्या. ऐंशीच्या पुढच्या माणसाला विनोद करता येतोय याचंच मला अप्रूप. आईनंतर आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही याबद्दल ते बोलायचे, आता बोलत नाहीत. रात्री एकाच ताटलीत वरणभात कालवून आधी त्यांना भरवते, कारण त्यांचा उजवा हात थरथरतो, आणि उरलेला मी खाते. लहानपणी ते मला असंच भरवायचे.


गुरुवार, १२ डिसेंबर

आज शहराच्या प्लेट. मन लागत नाहीये, म्हणून लिहितेय.

शहराचं एकंदर पाड्यांपेक्षा वाईट. हे अपेक्षित होतं. पण ड-१४ उघडली आणि मी पट्टी खाली ठेवली. मोजण्यासारखं काही नव्हतंच. सगळ्या प्लेटवर एकसारखी राखाडी साय आणि तिच्यावर चकत्या नुसत्या बसलेल्या, भिंतीला लावलेल्या टिकल्यांसारख्या. साय चकतीच्या अगदी काठापर्यंत. मेरोपेनेमच्या चकतीभोवतीही मोकळी जागा नाही. ते औषध आम्ही अतिदक्षता विभागासाठी राखून ठेवायला सांगतो. नळ्यांमध्ये वेगळी चाचणी लावली आहे, बहुतेक कोलिस्टिन एवढं एक चालेल, आणि ते मूत्रपिंडाला जड.

हे माणूस आत्ता चालतंबोलतं आहे. डहाणूत कुठंतरी जेवतंय, हसतंय. त्याला काही माहीत नाही. उद्या हे जंतू रक्तात गेले तर डॉक्टरांच्या हातात काय राहणार?

ड-१५ पण तसलीच. दोन्ही प्लेट शेजारी ठेवल्या तर जुळ्या वाटाव्यात. एकाच घरातली, एका ताटात जेवणारी माणसं असणार. कसं घर असेल? औषधांचा मारा चाललेला असणार तिथं. घरात कोणीतरी जास्तीचं शहाणं असणार, स्वतःच डॉक्टर झालेलं. अशा माणसांचा मला राग येतो, आणि मग त्यांची कीवही येते. प्रेमापोटीच करत असतील.

नविनला बोलावून दाखवलं. मला वाटलं तो चकित होईल. तो नुसता बघत राहिला.

"परत लावूया का ताई? कंटॅमिनेशन असेल."

"परतच लावलीय. दुसऱ्यांदा हेच."

"मोजलंत ना? मग लिहा," म्हणाला आणि बाहेर गेला. जेवायलाही आला नाही. मार्गशीर्षातला गुरुवार आहे, त्याचा उपास असेल.


शुक्रवार, २० डिसेंबर

नविन घरी आला होता, सुके बोंबील आणि जवळा घेऊन. बाबा खूश. त्याला बसवून त्यांनी वाणगावच्या पुराची गोष्ट सांगितली, जी त्यानं चारदा ऐकली आहे. तो मन लावून ऐकत होता. मग चहा घेताना मला स्वयंपाकघरात म्हणाला, "ताई, बाबांचं एकदा युरिन कल्चर करून घ्या ना. मोठ्या दवाखान्यात."

"त्रास नसताना म्हाताऱ्या माणसाचं कल्चर करायचं नसतं, नविन. मीच शिकवलंय तुला."

"मग ताप आला तर घरी थांबू नका. लगेच न्या. घरातल्या गोळ्या नका देऊ."

त्याची नजर कपाटावर होती. मला जरा लागलं. मी म्हटलं, "वीस वर्षं हेच करतेय मी. तू मला सांगणार?"

"नाही ताई. माझ्या मनात आलं म्हणून."

जाताना त्यानं बेसिनवर कितीतरी वेळ हात धुतले. तो गेल्यावर बाबा म्हणाले, "पोरगा आहे का सर्जन? मला वाटलं आता ऑपरेशनच करतोय." आम्ही हसलो. हल्ली नविनचं काहीतरी बिनसलंय. घरी लग्नाचा विषय चालू असेल.


शनिवार, ४ जानेवारी २०२५

पाड्यावर. निम्मी घरं बंद, माणसं वीटभट्टीवर गेलेली. शुक्रीचा मुलगा लहान्या पण गेलाय. सून रूपी मागे राहिली, तिला आठवा लागलाय. अंगणात पाय पसरून तुरीच्या शेंगा सोलत होती.

शुक्रीनं पुन्हा विचारलं, "आमचा काय निंगला?" मी पुन्हा तेच उत्तर दिलं. आज ती हसली नाही.

"डाक्टर कवाच सांगत नाय. बँकवाला सांगत नाय. तुम्ही पन सांगत नाय." मग स्वतःच विषय बदलला. घरी कोण असतं, विचारलं. मी बाबांचं सांगितलं, त्यांना भरवते तेही. ते तिला फार आवडलं.

"पोर झाला का तुम्ही या, ताय. पयला मध तुमच्या बोटान. बापाला भरवनारी बाय, शिकलेली. पोर तसाच होल."

रूपी खाली मान घालून हसत होती. मी हो म्हटलं. जीपमध्ये बसल्यावर डोळे भरून आले, उगीच. माझ्याकडे कुणी असं काही मागितलं नव्हतं आजवर.


शुक्रवार, १७ जानेवारी

बाबांना दुपारपासून हुडहुडी. दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजताहेत. जळजळीतल्या गोळ्या संपल्या होत्या. 'ताप' लिहिलेल्या पट्टीतली स्ट्राँग होती, ती दिली. कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून आणखी आणल्या. तो मला ओळखतो, चिठ्ठी मागत नाही.

नविनला फोन करावा असं वाटलं. पण त्या दिवशी मीच त्याला तोडून बोलले होते. आणि करणार काय तो येऊन.


शनिवार, १८ जानेवारी

ताप उतरला! सकाळी पेज घेतली. "गाडी यार्डातून निघाली," म्हणाले. मी उगाच घाबरले होते. हात धरून बाल्कनीत बसवलं. समोरच्या चिकूच्या वाडीत माणसं चिकू उतरवत होती, ते बघत बसले.


रविवार, १९ जानेवारी

पहाटे बाबा मला ओळखेनात. आई समजून बोलत होते.

दवाखान्यात नेलं. रक्तदाब फार खाली. नळी घातली, सलाइन लावलं. दुपारी जरा शुद्धीवर आले तेव्हा नळीकडे बघून म्हणाले, "आता सिग्नल कायमचा हिरवा." नर्सला कळलं नाही. मला कळलं, मी हसले, आणि बाहेर जाऊन रडले.

डॉक्टर तरुण आहेत, नीट बोलतात. विचारलं, आधी काही औषधं दिली होती का? मी सगळी नावं घेतली, गेल्या दोन वर्षांतली. ते लिहून घेत होते, मग लिहिता लिहिता थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लॅबमध्ये आहात ना?" एवढंच म्हणाले. मेरोपेनेम सुरू केलंय. कल्चरला वेळ लागेल.


सोमवार, २० जानेवारी

सकाळी नविन आला. दाढी वाढलेली. मला वाटलं बाबांसाठी आलाय, मी म्हटलं बस. तो बसला नाही.

"ताई, कुठलं इंजेक्शन चालू आहे?"

मी सांगितलं.

"ते चालणार नाही."

"कल्चर यायचंय अजून."

"आलंय, ताई. तुम्हीच वाचलंय. ड-१४."

व्हरांड्यात कोणीतरी पोळ्यांचा डबा उघडला होता, त्याचा वास येत होता. मला एवढंच आठवतंय. मी विचारलं, "तुला कधीपासून माहीत?"

"नंबर मीच चिकटवला ना."

"मग बोलला का नाहीस?"

तो माझ्याकडे बघेना. "तुम्ही म्हणाला होतात. आईचा असला तरी."

मी त्याला मारायला हात उचलला होता बहुधा, कारण त्यानं तो धरला. मग तो म्हणाला, मी डॉक्टरांना आत्ताच सांगून आलोय, कोलिस्टिन मागवलंय, डहाणूत मिळेना, वलसाडहून येतंय, माझा मित्र बाईक घेऊन गेलाय. सगळं एका दमात. मी विचारलं, "आणि पंधरा?"

मला उत्तर नकोच होतं.


बुधवार, २२ जानेवारी

कोलिस्टिन काल दुपारपासून. आज लघवी जवळजवळ थांबली. मूत्रपिंड साथ देईना. डॉक्टर म्हणाले, शनिवारीच हाताशी असतं तर वाचले असते, कदाचित. 'कदाचित' त्यांनी माझ्यासाठी जोडलं, हे कळण्याइतकी मी अजून शुद्धीत आहे.

शनिवारी मी त्यांना बाल्कनीत बसवून चिकूची वाडी दाखवत होते.

संध्याकाळी बाबा चादरीवर बोटानं ठोकत होते, जुन्या तारयंत्रावर ठोकावं तसं. मी कान जवळ नेला.

"लाइन क्लिअर दिला का?"

मला लहानपणापासून माहीत आहे ते. पुढच्या स्टेशनातून लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही. पुढे मोकळी जागा आहे, याची खात्री.

"दिला, बाबा," मी म्हटलं.

"वाणगावनं विचारलं होतं मघाशी."

"दिला. सोडा गाडी."


गुरुवार, २३ जानेवारी

बाबा गेले. सकाळी.


सोमवार, १० फेब्रुवारी

आज पहिल्यांदा कामावर. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. नविननं माझं टेबल पुसून ठेवलं होतं. आम्ही त्याबद्दल बोललो नाही. बोलणारही नाही बहुतेक. त्याच्यावर रागवावं म्हणून मी मनात खूप शोधलं. त्यानं माझं ऐकलं, एवढाच त्याचा दोष निघतो.

वर्षा मॅडमचा फोन. आधी खूप चांगलं बोलल्या. मग म्हणाल्या, "जयमाला, एक सांगायला हवं. नमुना कोणाचा हे वाचणाऱ्याला कळलंय, त्यामुळे ड-१४ आणि ड-१५ आपल्याला वगळावे लागतील. नियम आहे."

मी म्हटलं, "हो मॅडम, नियम आहे."

म्हणजे आता अहवालात डहाणू शहर बरं दिसेल. सगळ्यात वाईट दोन प्लेट त्यात नसतील.

घरी येऊन भात केला. सवयीनं एकाच ताटलीत कालवला. पहिला घास उचलला आणि तसाच धरून बसले. इतकी वर्षं हा घास आधी त्यांना जायचा. मी माझ्या हातानं द्यायचे. की त्यांच्या तोंडातून माझ्याकडे आलं? कोणाकडून कोणाकडे, हे कुठल्याच चकतीवर दिसत नाही.

डबा अजून कपाटावर आहे. फेकायला काढला होता. पण त्यातल्या कागदांवर बाबांचं अक्षर आहे.


सोमवार, ३ मार्च

आज पाड्यावर जायचं टाळता आलं असतं. नविन म्हणाला होता, मी एकटा जातो. पण शब्द दिला होता.

रूपीला मुलगा झालाय. काळाभोर, भरपूर जावळ, मुठी आवळलेल्या. शुक्री मला बघून अंगणातच थांबली. माझा चेहरा पाहून तिनं विचारलं, "बापूस?" मी मान हलवली. ती जवळ आली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, एकदाच.

बाळंतपणात रूपीला ताप आला होता, तिनं सांगितलं. "त्या ठेवल्या होत्या ना कुडात, त्या दिल्या. दोन दिसात उतरला. बघा, कामाला आल्या." कुडात आता नवी पट्टी खोचलेली होती, पूर्ण. मी तिच्याकडे पाहिलं. कोणत्या तोंडानं बोलू?

मग तिनं वाटी आणली. डोंगरातला मध, खास ठेवलेला. रूपी बाळाला घेऊन दारात बसली. "लावा ताय बोट."

मी म्हटलं, एवढ्या लहान बाळाला मध देऊ नये, दवाखान्यात सांगतात.

"मंग गुलाचा पानी."

"तेही नको गं."

"मंग नुसता बोट लावा व्हटाला. वाटी मी ठेवते बाजूला."

माझे हात पाठीमागे होते. मी ते कधी नेले, मलाच कळलं नव्हतं. साबणानं धुतलेल्या हातानं बाळाच्या ओठांना स्पर्श केला तर बहुतेक काही होत नाही. हे मी इतरांना सांगत आलेय. 'बहुतेक' हा शब्द आज मला उच्चारता येईना.

शुक्रीचा चेहरा बदलला. तो बदल मी ओळखते. बाहेरून येणाऱ्या माणसांनी त्यांच्या घरचं पाणी नाकारलं की पाड्यावर तो दिसतो.

"आमचा गू हातान नेता," ती सावकाश म्हणाली, "न आमचे पोराला बोट नाय लावत?"

रूपीनं मान खाली घातली. जीपजवळ नविन पाठमोरा उभा होता.

मी अंगणात खालीच बसले. म्हटलं, "शुक्रीबाय, तुमच्यात काही वाईट नाही. माझ्यात आहे. माझ्या पोटात. बाबांच्या पोटात होतं तेच. त्यानंच ते गेले. औषध चालत नाही त्याच्यावर. वरून दिसत नाही, मी बरी आहे, पण आहे ते आत. म्हणून हात लावत नाही."

मग तिनं तेच विचारलं, जे नोव्हेंबरपासून विचारत होती.

"न आमचा? आमचा काय निंगला?"

तिची प्लेट कुठली ते मला अजूनही माहीत नाही. पण ते गोलांना भिडलेले गोल डोळ्यांसमोर होते. "तुमचं चांगलं निघालं," मी म्हटलं. "सगळ्या पाड्याचं चांगलं. आत्ता तरी. आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं. त्या कुडातल्या गोळ्या पुऱ्या घ्या किंवा दवाखान्यात परत द्या, पण साठवू नका. मी साठवल्या होत्या."

शुक्रीनं कुडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती रूपीजवळ गेली, बाळाला उचललं, पदर त्याच्या तोंडावरून ओढला आणि दोन पावलं मागे सरली. अपमान म्हणून नाही. चुलीचा धूर आला की लेकराला बाजूला घ्यावं, तसं.

बरोबर केलं तिनं.

निघताना तिनं आपली डबी आणून दिली. पळसाला आता पानं नाहीत, नुसती फुलं. डबी वर्तमानपत्रात गुंडाळली होती. तिनं ती माझ्या हातात दिली नाही. आमच्या दोघींमधल्या जमिनीवर ठेवली आणि मी उचलेपर्यंत उभी राहिली, बाळाला छातीशी धरून.

मी उचलली. पोरं जीपमागे धावली, पण आज कोणी ओरडलं नाही.